चावी गळ्यात असेपर्यंत

६ फेब्रुवारी

लेकीनं ही डायरी आणून दिली. ती इस्पितळात नर्स आहे, त्यामुळे बापाशी बोलतानाही पेशंटशी बोलल्यासारखी हळू आणि गोड बोलते. "बाबा, रोज चार ओळी लिहायच्या. आज काय केलं, कोण भेटलं, काय बोलणं झालं. मन रमतं." मी म्हटलं, माझं मन रमवायला गाडी आहे. "मग गाडीचं लिहा," म्हणाली. तिच्यापुढे माझं कधी चाललंय?

तर गाडीचं. गाडी म्हणजे आमचा ट्रक. लेक शाळेत जायला लागली त्या वर्षी घेतला. इतक्या वर्षांत इंजिनाचं हेड एकदाही खोललेलं नाही. ज्याला यातलं कळतं तो हे ऐकून तोंडात बोट घालतो, आणि ज्याला कळत नाही त्याला सांगून उपयोग नाही. गेल्या वर्षी मी स्टिअरिंग सोडलं. सोडलं म्हणजे सोडायला लावलं. नेहमीच्या रस्त्यानं निघालो आणि भलत्याच गावात पोचलो, एवढंच निमित्त झालं. पाट्या बदलल्या होत्या, त्याला मी काय करणार? पण घरच्यांनी राईचा पर्वत केला, आणि आता गाडी आमचे चिरंजीव चालवतात. बरी चालवतात. हे त्यांच्या तोंडावर मी म्हणणार नाही.

एक काम मात्र मी कुणाला दिलेलं नाही. इंजिन ऑइल मीच बदलतो. इंजिन मरत नाही, मारलं जातं, आणि मारणारा नेहमी हेच म्हणतो की पुढच्या खेपेनंतर बदलू.

डायरी लिहीन, पण मागची पानं वाचत बसणार नाही. ते रिकाम्या लोकांचं काम.

९ फेब्रुवारी

आज ऑइल बदललं.

कसं बदलतो ते एकदा लिहून ठेवतो, पुढच्या पिढीच्या उपयोगी पडेल. आधी इंजिन थोडं चालवून घ्यायचं. थंड ऑइल सगळं उतरत नाही, घाण तळाशीच राहते. मग गाडी बंद करायची, चावी काढायची आणि गळ्यात घालायची. माझ्या चावीला बुटाची काळी नाडी बांधलेली आहे. मग खाली शिरून घमेलं लावायचं, इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरचा नट सोडायचा आणि धार थांबून थेंब थेंब पडेपर्यंत थांबायचं. घाई करणाऱ्यानं या धंद्यात पडूच नये. नट परत बसवायचा, फिल्टर नवा घालायचा, आणि वरून नवं ऑइल ओतायचं. ते ओतताना मला फार बरं वाटतं. तान्ह्याला दूध पाजताना बायका गप्प होतात, तसा मी गप्प होतो. मग ऑइल खाली बसेपर्यंत जरा दम धरायचा, आणि ऑइल मोजायची पट्टी काढून बघायचं. पट्टी बरोबर असेल तरच चावी पुन्हा गळ्यातून निघते.

आमच्या घरचा नियम आहे. चावी माझ्या गळ्यात असेपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही. मी गळ्यातून काढून हातात दिली की समजायचं, तेल आत आहे. हा नियम मला माझ्या उस्तादांनी शिकवला. त्यांच्या तरुणपणी एकानं ऑइल काढून ठेवलं आणि दुसऱ्यानं गाडी काढली. इंजिन पहिल्या चढालाच गेलं.

चावी काढताना नाडी आजही डाव्या कानात अडकली. माझे कान मोठे, नाडी आखूड. दर वेळी अडकते आणि दर वेळी चिरंजीव ती सोडवतात आणि म्हणतात, "बाबा, कान जरा लहान करून घ्या." विनोद जुना आहे, पण चालतो.

१४ फेब्रुवारी

लेक डॉक्टरकडे घेऊन गेली. माझं काहीही दुखत नसताना. तिथं एक पोरगेला डॉक्टर होता. विचारतो, आज तारीख काय, वार कोणता. मी म्हटलं, तुमच्या मागे कॅलेंडर आहे, वळून बघा. मग म्हणाला, तीन शब्द सांगतो ते लक्षात ठेवा, हातोडा, लिंबू, खुर्ची. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर परत विचारलं. मी म्हटलं, हातोडा. बाकीचे दोन आठवले नाहीत, कारण हातोड्याबरोबर कुठलाही मिस्त्री असली हत्यारं मागत नाही. हसला. लेक हसली नाही. परतताना रस्ताभर खिडकीबाहेर बघत बसली होती. पोरीची रात्रपाळी झाली असणार, थकली होती.

१९ फेब्रुवारी

ऑइल आणायला गेलो तर तेलवाला म्हणतो, "उस्ताद, परवाच तर नेलंस!" हा माझा जुना दोस्त, माझ्याच वयाचा, त्याच्या दुकानाशिवाय मी दुसरीकडून कधी डबा घेतलेला नाही. मी म्हटलं, अरे, परवा कुठं, त्याला महिना झाला. त्यानं हिशेबाची वही उघडली आणि परत मिटून ठेवली. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही. बिचाऱ्याचं दुकान कोण सांभाळणार आता? डबे घेतले आणि आलो.

गाडी बरेच दिवस उभीच आहे, माल नव्हता. म्हटलं, उभ्या गाडीचं ऑइल तरी चांगलं असावं. बदलून टाकलं. आणि गंमत अशी की घमेल्यात उतरलेलं जुनं ऑइल मधासारखं स्वच्छ! डिझेल इंजिनात ऑइल पहिल्याच खेपेत काळं पडतं, हे मी लोकांना सांगत आलो. आमचं पडलं नाही. याला म्हणतात निगा. इतक्या वर्षांनंतर इंजिन आतून असं धुतल्यासारखं. चिरंजीवांना घमेलं दाखवलं. ते खाली वाकून बघत राहिले, मग म्हणाले, "हो बाबा, फारच स्वच्छ आहे." आणि घमेलं स्वतः उचलून घेऊन गेले.

२१ फेब्रुवारी

आज जेवलो नाही.

माल मिळाला म्हणून चिरंजीव सकाळी निघाले. मी चावी दिली होती, माझ्या हातानं. ओसरीतून बघतो तर काय, यांनी बॉनेट उघडलंय आणि पट्टी काढून पुसून बघतायत. मी चावी दिल्यानंतर! मी विचारलं, "काय बघतोस?" "काही नाही बाबा, सहज." मी म्हटलं, सहज? तुझ्या जन्माआधीपासून मी ऑइल बदलतोय, आणि तू माझ्यामागे तपासणी करतोस? मी काय चोर आहे? मी काय आंधळा आहे? आवाज चढला असेल. ही स्वयंपाकघरातून धावत आली.

"अरे, कशाला त्यांचं मन मोडतोस?" ही त्याला म्हणाली. "तेवढं एकच काम राहिलंय त्यांच्याकडे."

तो म्हणाला, "आई, तुला माहिती आहे मी का बघतो."

काय माहिती आहे, ते मला कुणी सांगितलं नाही. शेवटी तोच माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "चुकलं बाबा. पुन्हा तुमच्यामागे पट्टी बघणार नाही. शपथ." मी मान फिरवली, पण ऐकलं. पोरगा शब्दाचा पक्का आहे, तेवढं माझ्यावर गेलंय.

डॅशबोर्डवरचा ऑइलचा काटा बदलून घेऊ, असंही म्हणत होता. तो काटा कधीचाच मेलाय. मी बदलू दिला नाही. काट्यावर विसंबणारा ड्रायव्हर आळशी होतो.

२ मार्च

मिस्त्रीच्या गॅरेजात दुपार घालवली. आमच्या गाडीचं बारीकसारीक काम तोच करतो. त्याला माझ्या उस्तादांची गोष्ट सांगितली, एकानं ऑइल काढलं आणि दुसऱ्यानं गाडी काढली ती. मी सुरुवात केली आणि शेवट त्यानंच सांगितला, "पहिल्या चढालाच गेलं, नाही का उस्ताद?" न ऐकलेल्या गोष्टीचा शेवट ओळखतो, हुशार माणूस.

११ मार्च

चिरंजीव लांबच्या खेपेहून काल परतले. आज संध्याकाळी परत निघायचं होतं, म्हणून सकाळीच ऑइलला हात घातला. डबे आणि फिल्टर कालच आणून शेडमध्ये ठेवले होते. इंजिन कोमट, घमेलं खाली, चावी गळ्यात. या वेळी ऑइल काळंकुट्ट निघालं, खेप लांबची होती. धार संपेपर्यंत पाठीवर पडून राहिलो. खालून बघितलं की गाडी मला अजून आवडते. नट बसवला, चांगला आवळला.

तेवढ्यात हिनं चहाला हाक मारली. आत आलो तर लेक आलेली. मला म्हणते, "बाबा, आपल्याला आणखी एका डॉक्टरांना दाखवायचंय." मी म्हटलं, दाखवायला मी काय नवरी मुलगी आहे? यावरून बोलाचाली झाली. ती रडली. मलाही वाईट वाटलं, मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग जेवण झालं. जेवण जड झालं म्हणून जरा आडवा झालो.

उठलो तर चिरंजीव समोर उभे, आंघोळ करून, निघायच्या तयारीत. "बाबा, झालं का ऑइल?"

"कधीच झालं," मी म्हटलं. चावी काढली, नाडी कानात अडकली. त्यानं सोडवली. "बाबा, कान जरा लहान करून घ्या." हसत हसत गेला. गाडीजवळ क्षणभर थांबला, बॉनेटकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि सरळ वर चढून बसला. शब्द पाळला. मला बरं वाटलं.

ऑइल बदललं. दिवस चांगला गेला.

१२ मार्च

गाडी गेली.

घाटाच्या चढावर, भरलेल्या मालासकट. आधी इंजिनातून हातोडे मारल्यासारखा आवाज आला आणि मग जाम झालं, असं चिरंजीव सांगतात. गाडी मागे घसरायला लागली होती, ब्रेक आणि दगड यांनी निभावलं. पोरगा जिवंत आहे. हे आधी लिहायला हवं होतं. पोरगा जिवंत आहे, त्याच्या कपाळावर खोक आहे, बाकी काही नाही.

ओढून आणली मिस्त्रीकडे. मी गेलो. मिस्त्रीनं चेंबरचा नट सोडला. मी खाली वाकून बघत होतो. एक थेंब पडला नाही.

मी म्हटलं, गळलं असेल. मिस्त्री म्हणाला, "नाही उस्ताद. नट घट्ट होता. कुठंही ओल नाही." मी म्हटलं, मी भरलं होतं.  घरी आलो, शेडमध्ये गेलो. डबे तिथंच, सीलबंद. फिल्टर खोक्यात. घमेलं काळ्या ऑइलनं भरलेलं.

मी ओसरीतल्या खुर्चीवर बसलो.   मला काहीच आठवेना. नट आठवतो, चहा आठवतो, पोरीचं रडणं आठवतं. पुढचं सगळं कोरं. इतकी भीती मला कधी कुठल्या घाटात वाटली नव्हती.

चिरंजीव समोर उभे होते. माझ्याकडे बघत होते, बघत होते. मग म्हणाले, "बाबा, तुमची चूक नाही. तुम्ही झोपला होतात. मला उशीर होत होता. मी तुमच्या गळ्यातून चावी काढून घेतली."

१३ मार्च

गळ्यातून चावी काढली! झोपलेल्या बापाच्या! मी ऑइल उतरवून जरा पाठ टेकली, उठून भरणारच होतो. आणि यांना धीर नाही. घरचाच चोर निघाला, दरवाजा कुणाला लावणार?

मी बोलायचं ते सगळं बोललो. आयुष्यात त्याला इतकं बोललो नव्हतो. तो खाली मान घालून ऐकत होता.  ही मध्ये पडली, "अहो, बास करा, तो पोरगा..." तर त्यानंच तिचा हात धरला. "आई, नको." हिला रडू आवरेना. लेक भिंतीशी उभी होती, तीही रडत होती. इंजिनासाठी घरातल्या बायका रडतात हे मी पहिल्यांदा पाहिलं.

एक लिहितो, खरं ते लिहावं. तो बोलला तेव्हा आधी मला राग आला नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. राग नंतर आला.

१७ मार्च

मिस्त्री म्हणतो, क्रँक गेला, ब्लॉकला भेग पडली. नवं इंजिन बसवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. इतकी वर्षं ज्याचं हेड कुणाला उघडू दिलं नाही, त्याचे तुकडे जमिनीवर गोणपाटावर मांडलेले बघितले. पिस्टन हातात घेतला. निळा पडला होता, ओरखडे होते. मी तिथंच रडलो. मिस्त्रीनं माझ्यासाठी स्टूल आणलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला.

चिरंजीवांशी बोलणं बंद केलंय.

२५ मार्च

चिरंजीव दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागले. स्वतःच्या गाडीचा मालक होता, आता कुणाचीतरी हाक आली की पळतो. कर्माची फळं. ही त्याचा डबा भरताना माझ्याकडे असं बघते जणू मीच काही केलंय. मी पानावर बसलो की तो उठतो. मी उठलो की तो बसतो. घर लहान आहे, अबोला धरायला फार कसरत करावी लागते.

लेक आली होती. आतल्या खोलीत भावाशी बोलत होती. दार पुरतं लागत नाही त्या खोलीचं.

"अरे, किती दिवस ऐकून घेणारेस? मी सांगते त्यांना."

"ताई, सांगून काय होणार? त्यांना ते रोज नव्यानं कळेल आणि रोज नव्यानं लागेल. माझ्यावरचा राग बरा. राग आला की ते निदान ताठ बसतात."

कुणाबद्दल बोलत होते कोण जाणे. कामावरच्या कुठल्या साहेबाबद्दल असेल.

४ एप्रिल

आजचं नीट लिहायला हवं.

संध्याकाळी कपाटात पान-अडकित्त्याचा डबा शोधत होतो, तर चावी सापडली. आमच्या गाडीची, काळ्या नाडीसकट. हातात घेतली. सवयीनं गळ्यात घातली. तेवढ्यात हिची चाहूल लागली म्हणून घाईनं काढायला गेलो, आणि नाडी डाव्या कानात अडकली.

मी तसाच उभा राहिलो. दोन्ही हात कानाशी.

माझ्या गळ्यातून ही चावी मला न उठवता कुणालाच काढता येणार नाही. जागेपणी माझी मलाच काढता येत नाही.

आणि मग ते आलं. सगळं नाही, एवढंच आलं. तो समोर उभा, ओले केस, साबणाचा वास. त्याची बोटं माझ्या कानाशी. "बाबा, कान जरा लहान करून घ्या." आणि माझाच आवाज, कधीच झालं.

ही दारात उभी होती. मी विचारलं, "चावी मी दिली होती का?" 

"हो," म्हणाली. "तुमच्या हातानं दिलीत. मी इथंच होते."

"मग तो खोटं का बोलला?"

"तुमचा चेहरा बघवला नाही त्याला."

मी खाली जमिनीवरच बसलो. ती माझ्याजवळ बसली. मी म्हटलं, मी त्याला चोर म्हणालो. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, तो मेला असता. तिनं माझा हात हातात घेतला. मी म्हटलं, तेलवाला बरोबर सांगत होता का ग? तेव्हा ती रडायला लागली, आणि मला सगळं कळलं. तो डॉक्टर, ते तीन शब्द, ही डायरी, ते मधासारखं ऑइल. माझं डोकं खालून गळतंय आणि वर कुणी ओतू शकत नाही.

माझ्या लेकरानं माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली. वर इतके दिवस माझ्या शिव्या खाल्ल्या. स्वतःची गाडी गमावून दुसऱ्याची गाडी चालवतोय आणि घरी आला की बापाचा फिरवलेला चेहरा बघतोय. असं पोर पोटी यायला मी काय पुण्य केलं होतं?

तो खेपेवरून आलाय, आत झोपलाय. अंगात कपडे तसेच आहेत. दारातून बघून आलो. उठवत नाही, दमलाय. सकाळी उठल्या उठल्या सांगायचं: चावी मी दिली. चूक माझी. तू चोर नाहीस, बाळा. हे तिन्ही सांगायचं. ही म्हणते, आत्ताच उठवते. मी म्हटलं, झोपू दे त्याला, हे काय विसरण्यासारखं आहे?

तरी या पानाचा कोपरा दुमडून ठेवतो.

५ एप्रिल

चिरंजीव कामावर जायच्या आधी माझ्याजवळ येऊन बसले. कधी नव्हे ते.  माझ्या तोंडाकडे बघत बसले, जणू माझ्याकडून काही येणं आहे. मी भिंतीकडे तोंड केलं.

ही म्हणाली, "अहो, काल म्हणत होतात ते सांगा ना त्याला."

मी म्हटलं, "याच्याशी मी काय बोलणार? माझ्या गळ्यातून चावी काढली यानं."

हिनं तोंडावर पदर धरला. चिरंजीव उठले. मग म्हणाले, "राहू दे आई," आणि डबा घेऊन गेले.

डायरीच्या मागच्या पानाचा कोपरा कुणीतरी दुमडून ठेवलाय. घरात वस्तूंची कुणाला किंमत नाही. सरळ केला.

१२ एप्रिल

आज काही विशेष नाही. तेलवाला भेटायला आला होता. दुकान मुलाला दिलं म्हणे. मी म्हटलं, बरं केलंस, तुला हल्ली विसरायला होतं. तो "हो रे उस्ताद, वय झालं" म्हणाला आणि जाताना माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

२१ एप्रिल

चिरंजीव शेवटी ताळ्यावर आले.

मी ओसरीत बसलो होतो. येऊन पायाशी बसले. खिशातून चावी काढली, आमच्या गाडीची, काळ्या नाडीची. म्हणाले, "बाबा, चुकलं माझं. तुमच्या गळ्यातून काढायला नको होती." आणि दोन्ही हातांनी माझ्या गळ्यात घातली. घालतानाही नाडी डाव्या कानात अडकली. त्यानं ती हळूच सोडवली. कान लहान करण्याचा विनोद मात्र केला नाही. मीच केला. तेव्हा तो हसला.

मी विचारलं, "गाडी कुठंय?" त्यानं नाडी माझ्या सदऱ्यावर सरळ केली. "मिस्त्रीकडे आहे. बरी झाली की येईल. ऑइल तुम्हीच बदलायचं."

"मग दुसरं कोण बदलणार?" मी म्हटलं.

त्याला सुनवायला मी बरंच काही जमवून ठेवलं होतं. पण पोटचा पोर पायाशी बसून चूक कबूल करतो, तेव्हा बापानं किती ताणायचं? त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हटलं, "जा, माफ केलं तुला. पण एक लक्षात ठेव. पट्टी बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही. चावी कुणीही देवो. मी दिली तरी बघायची."

यावर त्यानं माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडला. एवढा मोठा गडी. मी त्याच्या पाठीवर थोपटत राहिलो. म्हटलं, अरे, माफ केलं म्हणतोय ना, मग आता रडतोस कशाला? तरी थांबेना. ही दारात उभी होती, तिलाही मी खुणेनं सांगितलं की मिटलं सगळं.

घरात आता पुन्हा बोलणं चालू झालंय. जीव हलका झाला. उद्या तेलवाल्याकडून डबे आणून ठेवायला हवेत, गाडी कधीही येईल.